भीक प्रतिबंधक कायदा बदलायचाय. आम्ही विद्यार्थी सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात मी १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याबद्दल लिहिलं होतं. हा कायदा मुंबईत जन्मला, पुढे दिल्लीलाही लागू झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं हाच गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात, म्हणजे त्याच्या माहेरी, तो अजून लागू आहे. नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, एवढंच. त्या लेखावर जी पत्रं आली त्यांत वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची पत्रं इतकी आहेत, की वारसाहक्क आणि सोसायटीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हा अंक त्यांनाच देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. तुमचा लेख वाचून वर्गातल्या सातजणांनी गट करायचं ठरवलं. केंद्रातलं काही आम्हाला जमणार नाही, पण राज्यातला कायदा बदलायला हातभार लावता येईल असं वाटतं. एकजण म्हणतो आधी पोस्टर लावू, एकीला वाटतं आझाद मैदानात बसू. गटाच्या नावावरच दोन बैठका गेल्या. नेमकी सुरुवात कुठून करायची?
– एक विद्यार्थिनी, माटुंगा

राज्यातलं जमेल असं जे तुम्हाला वाटतंय, ते अगदी बरोबर आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीची, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांच्या यादीची, पंधरावी नोंद काढून बघा. भटकेगिरी आणि भटक्या जमाती हा विषय तिथे आहे. म्हणजे राज्य विधिमंडळाने केलेला हा कायदा ते बदलू शकतं, रद्दही करू शकतं. चर्चगेटला उतरून विधान भवनापर्यंत चालत जाता येतं. देशात फार थोड्या विद्यार्थ्यांना कायदा करणारं सभागृह इतकं जवळ आहे.

आणि या राज्याने देशाच्या आधी कायदे केलेत. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ चा. रोजगार हमीचा कायदा आपल्याकडे १९७७ साली झाला, देशाला तो २००५ मध्ये मिळाला. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. त्याही मागे जा. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे मंडळात गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. कायद्याचा वर्ग आणि कायदे मंडळ यांच्यात या शहरात पूर्वापार येजा आहे, हे मनात असू द्या.

आता काम. नाव राहू दे, पोस्टरही राहू दे. सातही जणांनी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, घेऊन बसा आणि कलम २ मोठ्याने वाचा. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं त्यात आहेच. पण गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरती करणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं, अशा कुठल्याही निमित्ताने घेतलेली भीकसुद्धा त्यात आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना, हा माणूस भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत रस्त्यावर नुसतं थांबणं किंवा फिरणंही त्यात आहे. आता वासुदेव आठवा, नंदीवाले आठवा, डोंबारी, पोतराज आठवा, सिग्नलला फुगे विकणारी पोर आठवा. यातलं कोण या व्याख्येबाहेर राहतं ते मला सांगा. पुढे कलम ४ मध्ये वॉरंटशिवाय अटक. कलम ५ मध्ये किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात, डांबणं. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. आणि कलम ९ वाचताना जरा थांबा, कारण त्या माणसावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांनाही डांबण्याची सोय तिथे आहे.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात कसं चालतं याचा एक अनुभव सांगते. गोवंडीची एक बाई माझ्याकडे आली होती. चार घरची धुणीभांडी करणारी. तिची म्हातारी आई रेल्वेच्या पुलावर टिकल्यांची पाकिटं आणि सेफ्टी पिना घेऊन बसायची. कुठलीशी मोहीम निघाली आणि आईला गाडीत घालून नेलं. मुलीला ते कळेपर्यंत दोन दिवस गेले. तिने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, विजेचं बिल होतं आणि घाऊक दुकानातून टिकल्या घेतल्याची चुरगळलेली पावती होती. कोर्टात मी परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल वाचायला मागितला. अर्धं पान. ‘सदर महिलेस उपजीविकेचे कोणतेही दृश्य साधन नाही, सबब तिला संस्थेत ठेवणे तिच्या हिताचे आहे.’ त्याच फाइलच्या गठ्ठ्यात आणखी दोघांचे अहवाल होते. शब्द न शब्द तोच. फक्त नाव आणि वय पेनाने भरलेलं. मी ती पावती पुढे ठेवली, मुलीने हमीपत्र दिलं, आई घरी गेली. त्या बाकावर बसलेल्या बाकीच्यांसाठी मात्र कुणी आलं नव्हतं.

तुमच्या गटाचं काम त्या छापील वाक्यापासून सुरू होतं. हा कायदा वाईट आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तो महाराष्ट्रात आज कुणावर, किती वेळा आणि कसा वापरला जातो हे कागदोपत्री मांडणारे फार थोडे. ते मांडायला वकिलीची सनद लागत नाही.

माहिती अधिकारात अर्ज करा. चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या संस्था महिला व बाल विकास विभागाकडे येतात, तेव्हा अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. भाषा साधी आणि आटोपशीर हवी. उदाहरणार्थ : ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत आपल्या संस्थेत न्यायालयाच्या आदेशाने दाखल झालेल्या व्यक्तींची वर्षनिहाय संख्या, स्त्री-पुरुष विभागणी आणि आदेशात नमूद केलेला कालावधी यांची नोंद असलेल्या नोंदवहीची प्रत, नावे झाकून, मिळावी.’ इतकंच. ‘का डांबता?’ असं विचारू नका. कारणं विचारली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, नोंदवही मागितली की ती द्यावी लागते. संस्थेतले मृत्यू आणि औषधोपचार यांच्यासाठी वेगळा अर्ज, प्रशिक्षणावर झालेल्या खर्चासाठी वेगळा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. सातजण आहात, सात अर्ज वाटून घ्या.

दुसरं काम जास्त नाजूक आहे. ज्यांच्यावर हा कायदा पडतो त्यांच्याशी बोला. बेघरांबरोबर, भटक्या-विमुक्तांबरोबर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं मुंबईत आहेत. त्यांच्याबरोबर जा, एकटेदुकटे वही घेऊन पुलाखाली जाऊ नका. फोटो काढू नका. नाव नको असेल तर लिहू नका. अनोळखी माणूस चौकशी करायला आला की भटक्या समाजातल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. भिक्षा मागणारा म्हणजे संशयित, ही समजूत या कायद्याने साठ वर्षांहून जास्त काळ पोसली आहे, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, विरोधी मुद्द्याची तयारी. तुम्ही ज्या आमदाराकडे जाल तो पहिल्या मिनिटाला विचारेल, ‘आणि त्या टोळ्या? पोरांना पळवून भीक मागायला लावतात ते?’ यावर गप्प बसलात तर बैठक तिथेच संपली. उत्तर असं द्या : दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम ११ दिल्ली उच्च न्यायालयानेही रद्द केलेलं नाही. शिवाय भीक मागायला लावण्यासाठी मुलाला पळवणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली गंभीर गुन्हा आहे. आमची मागणी मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी कलमं काढण्याची आहे; मागायला लावणाऱ्याला सोडा असं आम्ही म्हणत नाही. हे उत्तर तुमच्यातल्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी देता आलं पाहिजे.

एवढं हातात आलं की चार पानांचं टिपण करा आणि मग विधान भवनाच्या वेळापत्रकाकडे बघा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, प्रश्न त्याआधी पोचावे लागतात. तारांकित प्रश्न हे पहिलं हत्यार समजा : त्याला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कायमचं नोंदलं जातं. माहिती अधिकारातला आकडा आणि मंत्र्यांचा आकडा जुळला नाही, तर तुमचं टिपण पुढच्या लक्षवेधीचा मजकूर होतं. अशासकीय विधेयक आमदाराकडून मांडून घेता येतं. ते मंजूर होणं दुर्मीळच, पण सरकारला भूमिका घ्यावी लागते. आणि एखादं सरकारी विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तर समिती लोकांकडून हरकती-सूचना मागवते, ती संधी सोडू नका. जनसुरक्षा विधेयकावर अशा बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, मसुद्यात बदल झाले, मग जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. मला ते बदल अपुरे वाटतात. पण विद्यार्थ्यांनी, संघटनांनी लिहून दिलं नसतं तर तेवढेही झाले नसते.

एक शेवटचं, आणि हे मी पोटतिडकीने सांगतेय. विद्यार्थ्यांचे गट मतभेदांनी मोडत नाहीत, सेमिस्टरने मोडतात. परीक्षा आली की बैठक रद्द, तिसरं वर्ष संपलं की सगळी माहिती कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये अडकलेली. म्हणून पहिल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवा : कुठला अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे, अपिलाची मुदत कधी संपते. आणि प्रत्येक कामावर दुसऱ्या वर्षाच्या मुलाबरोबर पहिल्या वर्षाचं एक मूल बसवाच. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर दीड दशकाहून जास्त काळ सरकारांचे उंबरठे झिजवत होते. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा. तुमची एलएलबी तीन वर्षांची आहे. काम त्याहून लांबणार हे धरूनच बसा.

प्रश्न : मॅडम, हे सगळं फार लांबचं वाटतं. दिल्लीत तर हायकोर्टानेच कायदा उडवला. आरेच्या मेट्रो कारशेडच्या वेळी एका लॉ स्टुडंटने पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टाने झाडतोड थांबवली. मग आम्ही सरळ मुंबई हायकोर्टात जनहित याचिका का करू नये?
– विधी शाखेचा विद्यार्थी, अंधेरी

आरेचंच बघू. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कुऱ्हाडी चालू झाल्या. विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र दिलं, ७ ऑक्टोबरला विशेष खंडपीठ बसलं, पुढची तोड थांबली. त्या मुलांची तत्परता मला आजही मोलाची वाटते. पण तोवर कारशेडच्या जागेवरची बहुतेक झाडं पडली होती. मुंबईतलं झाड कुणी, कशी परवानगी घेऊन तोडायचं हे राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. वृक्ष प्राधिकरणात कोण बसतं, हरकतींची सुनावणी कशी होते, सगळं त्यात. त्या कायद्याच्या वाटेवर आधीपासून पहारा असता, तर रात्री पत्र लिहायची पाळी आली नसती.

आता दिल्लीचा निकाल. तो वाचलास का पूर्ण? न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरिशंकर यांचा आहे. निकाल २०१८ चा, याचिका २००९ ची. मधल्या नऊ वर्षांत तीन वर्षांची एलएलबी तीनदा पूर्ण होते. आणि याचिका करणारे बेघरांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते. काय घडतं हे त्यांना माहीत होतं. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही तिथला भीक प्रतिबंधक कायदा रद्द केला. म्हणजे तर्क तयार आहे, निकाल तयार आहेत. तुझ्या हाती नाही ते महाराष्ट्रातलं वास्तव. ते नसताना दोन वर्तमानपत्रांची कात्रणं लावून याचिका केलीस आणि ती फेटाळली गेली, तर पुढे पुरावा घेऊन येणाऱ्यासमोर तुझाच निकाल वाचून दाखवला जाईल.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. कोर्ट कलम रद्द करू शकतं. पण भिक्षेकरी गृहाचं निवारागृह करायचं, तिथल्या कर्मचाऱ्यांना दुसरं काम द्यायचं, रात्रीच्या निवाऱ्यांसाठी पैसे ठेवायचे, हे अर्थसंकल्पाचं काम आहे. ते विधिमंडळातच होतं. कलमं गेली आणि पर्याय आला नाही, तर रस्त्यावरच्या म्हातारीला काय मिळालं? पोलीस उचलत नाहीत, हे मिळालं. ते कमी नाही, पण तेवढ्यावर थांबू नये.

दोन्ही वाटा एकमेकींना पूरक होतात याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकाल काही बदलला नाही. पण ते पत्र हातोहात फिरलं, १९८० मध्ये मुंबईत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. कोर्टात हरलेली गोष्ट कायदे मंडळात जिंकता येते, हे तुझ्या गटाला सांग.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांच्या लॉ कोर्सला चौथ्या वर्षाला आहे. हल्ली मोर्चे, निवेदनं यांत असते. तिच्या बाबांना भीती वाटते की पोलीस केस झाली तर सनद मिळणार नाही. एवढी फी भरून शेवटी हे झालं तर? तिला थांबवू का?
– एक आई, डोंबिवली

ताई, तुमची भीती खोटी नाही, म्हणून नीट उत्तर देते. वकील कायद्याच्या कलम २४ अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला नावनोंदणी मिळत नाही, आणि तेसुद्धा सुटकेनंतर दोन वर्षांपर्यंतच. नुसता एफआयआर झाला म्हणून सनद जात नाही. मात्र भारतीय विधिज्ञ परिषदेने २०२४ पासून विद्यार्थ्यांकडून गुन्ह्यांबद्दलची माहिती मागायला सुरुवात केली आहे. तेव्हा गुन्हा नोंदला गेलाच तर तो लपवायचा नाही. साध्या मनाई आदेशाच्या केसपेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते.

मुंबईत आंदोलनाची जागा आझाद मैदान आहे. तिथे परवानगी घेऊन बसलेल्यांना अडचण सहसा येत नाही. मंत्रालयाच्या दारात अचानक घोषणा दिल्या किंवा पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश असताना रस्त्यावर जमलं, तर मात्र गुन्हा दाखल होतो. मुलीला हे माहीत असेलच, तरी एकदा तिच्याकडूनच समजून घ्या. परवानगीचं पत्र कुणाच्या नावाने आहे हे विचारा. बहुतेक वेळा ज्याच्या नावाने परवानगी, त्याच्यावरच पुढची नोटीस येते. ती जबाबदारी एकाच मुलीने दर वेळी घेऊ नये. ताब्यात घेतलंच तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला सहसा अटक करता येत नाही, घरच्यांना कळवायला हवं, आणि वकील मागायचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आता तुमचा खरा प्रश्न. थांबवू नका. तिच्या बाबांना सांगा, निवेदनं लिहिणं, माहिती काढणं, आमदारांना भेटणं यात केस होण्यासारखं काही नाही, आणि पुढे वकिलीला जे लागतं ते सगळं त्यात आहे. माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येणाऱ्या मुलांत मूट कोर्टाची, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांची, पदकं पुष्कळांकडे असतात. सरकारी कार्यालयात जाऊन फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय हे शोधून आणणारी मुलं फार थोडी.

प्रश्न : मी सकाळच्या बॅचला लॉ करतो आणि दिवसा कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात काम करतो. वर्गातल्या मुलांनी गट केलाय, पण ते सगळं इंग्रजीत बोलतात, मला गप्प बसावं लागतं. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. माझा यात काय उपयोग?
– विद्यार्थी, कुर्ला

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या गटाला सगळ्यात जास्त गरज तुझी आहे, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

तुम्हाला बदलायचाय तो राज्याचा कायदा. सभागृहातली चर्चा मराठीत होते. तारांकित प्रश्न मराठीत जातो, शासन निर्णय मराठीत निघतो, मंत्रालयातलं टिपण मराठीत फिरतं. खालच्या कोर्टात परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मराठीत असतो, आणि वर सांगितलेलं ते छापील वाक्यही मराठीतच होतं. इंग्रजीत घटनेच्या कलम १४ आणि २१ वर सुरेख बोलणाऱ्या मुलाला विचार, ‘परंतुक’ कशाला म्हणतात? ‘पोट-कलम (१) मधील खंड (घ) वगळण्यात येईल’ हे वाक्य त्याला लिहिता येतं का? तू रोज प्रतिज्ञापत्रं टाइप करतोस. ‘सबब’, ‘उक्त’, ‘याद्वारे’ हे शब्द तुझ्या बोटांना सवयीचे झालेत.

असं कर. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून कुठलंही एक जुनं सुधारणा विधेयक उतरवून घे. त्याचे भाग बघ : आधी कलमं, मग ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’, खर्च होणार असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’, नियम करायचा अधिकार द्यायचा असेल तर तो अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापन. त्याच साच्यात भीक प्रतिबंधक कायद्याच्या सुधारणेचा मसुदा तू लिही. उद्देश व कारणांचं निवेदन मात्र साध्या मराठीत असू दे, एका पानात बसेल एवढं. आमदार वाचतो ते तेच पान. गटाच्या पुढच्या बैठकीत हा मसुदा टेबलावर ठेव आणि सगळ्यांना त्यावर बोलायला लाव. चर्चा आपोआप मराठीत येईल, कारण कागद मराठीत आहे.

इंग्रजी शीकच, हायकोर्टात तिच्याशिवाय चालत नाही. पण ती येईपर्यंत गप्प बसू नकोस. आणि दुकानात अर्ज टाइप करून घ्यायला येणारी जी माणसं आहेत ना, त्यांच्याशी वर्गातल्या कुणाहीपेक्षा तुझा जास्त संबंध येतो. पुलाखालच्या माणसांशी बोलायला गट जाईल तेव्हा पुढे तू रहा.

प्रश्न : आमच्या गटात दोन पक्षांची मुलं आहेत. एका पक्षाच्या आमदारांनी मदत करू म्हटलंय. दुसरी मुलं गट सोडायच्या गोष्टी करतायत. काय करावं?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, चेंबूर

त्या आमदारांकडे जाच. त्याच आठवड्यात विरोधी बाकांवरच्या एका आमदारांकडेही जा, आणि शक्य असेल तर विधान परिषदेतल्या एखाद्या सदस्यांकडे. तिघांना एकच टिपण आणि एकच मसुदा द्या, आणि प्रत्येकाला सांगा की बाकी दोघांनाही दिलाय. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये झाला तेव्हा सभागृहातल्या सगळ्या बाजूंचा पाठिंबा होता, तेव्हा हे अशक्य नाही.

भेटायला जाताना दोन्ही पक्षांची एकेक मुलगी किंवा मुलगा जोडीने जावा. निवेदनावर गटाचं नाव आणि विद्यार्थ्यांच्या सह्या असाव्यात, पक्षाचं काही नसावं. पत्रक छापून देतो, फक्त वर आमचं चिन्ह टाका, असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा आणि वर्गणी काढून छापा. आणि कार्यालयातून निघताना तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. स्वीय सहायक ‘साहेबांना सांगतो’ म्हणाले तरीही.

(पुढच्या अंकात : गृहनिर्माण सोसायटीत वारसाची नोंद. या विषयावरची राहिलेली पत्रं माझ्याकडे आहेत, ज्यांनी मसुदे पाठवलेत त्यांना दुरुस्त्या करून टपालाने परत पाठवतेय.)